आर्डिस पुन्हा पहिल्या पायरीवर

आर्डिसची ओडा मेली त्या दिवशी लाइल जेवला नाही. लाइल म्हणजे माझा नवरा. काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो, आणि एरवी आभाळ कोसळलं तरी ताटावरून उठत नाही. त्या संध्याकाळी मात्र बटाट्याचा कॅसरोल समोर तसाच निवत राहिला आणि हा आपला काट्याने त्यात रस्ते काढत बसला.

"माझ्यामुळे गेली ती," तो म्हणाला.

ओडा कुणी माणूस नव्हे. आर्डिस हालव्हर्सनचं खेळातलं पात्र. पण आमच्या घरात हा फरक सांगत बसायची पद्धत नाही.

दर रविवारी चर्चमधून आलं की आमच्या तळघरात जुन्या पिंगपाँगच्या टेबलाभोवती चौघं बसतात. ड्वेन टेस्मर प्लंबर आहे. तो खेळ चालवतो. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून तो सांगतो, समोर दरी आहे, दरीवर दोरीचा पूल आहे, पुलावर कुणीतरी उभं आहे. बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते बोलतात आणि लहान-मोठे फासे टाकतात, एक तर वीस बाजूंचा; आकडा मोठा पडला की काम जमलं. लाइलचा जादूगार. दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या कोरिनची पुजारीण. आणि आर्डिसची ओडा, हातात कुऱ्हाड. पात्रं लढत-निभावत एकेक लेव्हल, म्हणजे एकेक पायरी, वर चढतात. ओडा बाराव्या पायरीवर होती. तिथे पोचायला तिला किती हिवाळे लागले ते मी सांगू शकते, कारण तेवढ्या हिवाळ्यांत मी विणलेले स्वेटर अख्ख्या गावाच्या अंगावर आहेत. मी खेळत नाही. खायला खाली नेते आणि जिन्यापाशी विणत बसते.

तर त्या रविवारी पुलावर राक्षस आला, त्याने गदा लाइलच्या जादूगारावर उगारली, आणि आर्डिसने फासा हातात घ्यायच्या आधीच सांगितलं, "ओडा मध्ये उभी राहते." झालं. पूल तुटला, राक्षस गेला, ओडाही गेली.

"गेली तर गेली," आर्डिस म्हणाली. "चांगल्या कामात गेली." आणि तिने सँडविच उचललं. पण चावलं नाही.

आर्डिस आमच्याकडे आली कशी, ते सांगायला हवं. ती उंच, हाडापेराने मोठी बाई. दुभत्या गाईंच्या गोठ्यात वाढलेली. मग सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात; आमच्या गावात चाळिशीच्या आतला एक माणूस असा नाही ज्याच्या ट्रेमध्ये तिने मॅश केलेला बटाटा थापला नसेल. चर्चच्या गायनात खालच्या पट्टीत गाते आणि पुरुषांना झाकून टाकते. नवरा व्हर्लिन गेला त्या वर्षी मी तिच्याकडे मयताचं जेवण नेलं होतं. काही आठवड्यांनी माझं भांडं परत द्यायला ती आली. खालून आरडाओरडा ऐकून जिन्यात थबकली. लाइल आणि कोरिनची पात्रं एका गुहेच्या तोंडाशी अडकली होती. आत अस्वल, आणि कुणाकडे धड हत्यार उरलं नव्हतं. आर्डिस कोट न काढता थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या अस्वलाला कुणी खायला का घालत नाही?"

ड्वेनने तिच्याकडे पाहिलं. मग लाइलने खुर्ची ओढली. भांडं मला संध्याकाळी मिळालं.

पहिल्या पायरीचा नियमही तिचाच. पुढे एकदा लाइलचा आधीचा जादूगार मेला आणि हा म्हणायला लागला, "बाकीचे सहाव्या पायरीवर आहेत, तर माझा नवाही सहाव्याच पायरीवरून येऊ दे."

"शाळेच्या स्वयंपाकघरात नवी बाई आली की आधी ट्रे धुते," आर्डिस म्हणाली. "मग सूप ढवळते. आल्या आल्या ओव्हनपाशी उभी राहत नाही. पहिली पायरी, लाइल."

लाइल महिनाभर कुरकुरला. पण नियम पडला तो पडला. मेलेल्याचं नवं पात्र खालूनच सुरू व्हायचं, बाकीचे कितीही उंच गेलेले असोत.

आता तोच नियम आर्डिसच्या पुढ्यात आला होता.

त्या बुधवारी ड्वेन आमचा पाण्याचा हीटर बघायला आला. हीटरला काही झालेलं नव्हतं. त्याने उगाच त्याच्यावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "आम्ही तिघांनी ठरवलंय. तिला दहाव्या पायरीवरून सुरू करू द्यायचं. पुढे ती टेकडीखालची वेस आहे. तिथे पहिल्या पायरीचं पात्र म्हणजे वादळात मेणबत्ती."

"ती ऐकेल?" मी विचारलं.

"तू बोल ना तिच्याशी."

मी कशाला बोलते? पण काळजी मलाही होती, आणि माझी काळजी ड्वेनपेक्षा मोठी होती. तिची मुलगी रेनाटा अ‍ॅरिझोनाला असते. फोन केला की एकच लावून धरते: आई, बर्फावर पाय घसरेल, कुणाला कळायचंही नाही; इथे ये, इथे ऊन आहे, तुला वेगळी खोली आहे. आर्डिस आजवर म्हणायची, रविवारी माझं काम असतं. पण ओडा गेली त्या दिवशी माझ्या दारात बूट चढवताना ती वाकलेलीच राहिली आणि खालमानेने म्हणाली, "नवं पात्र जगलं तर राहते. नाही जगलं तर वसंतात घराला विक्रीची पाटी लावते. रोज काहीतरी निमित्त काढून किती दिवस राहायचं?"

मी ते लाइलला सांगितलं. सांगायला नको होतं. मग त्याचाही जीव टांगणीला लागला.

गुरुवारी चर्चमध्ये आम्ही बायका रजया शिवायला बसतो. तिथे मी पास्टर इंगाला बाजूला घेऊन विचारलं, "फाशासाठी प्रार्थना केली तर चालते का?"

ती हसली नाही. विचार करून म्हणाली, "माणसासाठी करा. फासा आपला आपण पडेल."

मी माणसासाठी केली. खोटं कशाला बोलू, शेवटी हळूच फासाही घातला त्यात.

रविवार उजाडला तो असा गारठ्याचा की गाडीची दारं उघडताना करकरत होती. त्यात आमच्या संघाचा फुटबॉलचा मोठा सामना. आमच्याकडे अशा दुपारी टीव्ही बंद असणं म्हणजे घरात कुणीतरी गेलेलं असणं. लाइलने टीव्ही लावलाच नाही. शेजारचा डेल दार वाजवून विचारून गेला, सगळं ठीक आहे ना?

आर्डिस आली ती लाल टोपी काढत, कोरा कागद फडकवत. "बसा. माझी पोरगी आणलीय."

"त्याआधी एक," ड्वेन घसा खाकरत म्हणाला. "आर्डिस, आपण असं ठरवलंय..."

"आपण म्हणजे कोण?"

"म्हणजे आम्ही तिघं. तू दहाव्यापासून सुरू कर."

आर्डिसने चष्मा नाकावर खाली घेतला. "माझ्या पाठीमागे मतदान झालं?"

"मतदान नाही गं, नुसतं..."

"ड्वेन टेस्मर, तू दुसरीत असल्यापासून मी तुला वाढलंय. तुला मटार आवडत नव्हते. म्हणून मी कधी मटाराऐवजी केक वाढला?"

"नाही."

"मग?"

"मग पहिली पायरी," ड्वेन म्हणाला, आणि पुठ्ठ्यामागे दिसेनासा झाला.

"नाव मिन्ना," आर्डिसने कागद सरळ केला. "शेळ्या राखायची. कंटाळून पळाली आणि चोर झाली. हातात काठी."

"प्राण टाक," ड्वेन आडोशामागून म्हणाला. प्राण म्हणजे किती मार खाऊन जिवंत राहील त्याचा आकडा. ओडाचे शंभराच्या घरात होते.

फासा घरंगळला. चार.

"चार!" लाइल म्हणाला. "माझ्या कोंबडीला जास्त असतात."

"तुझ्याकडे कोंबडी नाही," कोरिन म्हणाली.

"असती तर असते."

आणि मग त्यांनी जे केलं ते आमच्याकडचीच माणसं करतील. टेकडीखाली उतरण्याआधी कोरिनने आपल्या पुजारणीच्या बोटातली राखणारी अंगठी मिन्नाला दिली. लाइलने जादूगाराचा झगा दिला. मग अंगठी आहे तर ताईतही हवा, ताईत आहे तर शिरस्त्राण का नको, बूट घाल, हातमोजे घाल, हे वरून गुंडाळ. बालवाडीतल्या पोराला बर्फात पाठवताना आई बांधते तसं त्यांनी तिला बांधलं.

"आता हिचे हात खाली येत नसतील," आर्डिस म्हणाली. "आणि दारातून बाहेर पडल्या पडल्या हिला शू लागणार."

"गप्प बस आणि घाल," कोरिन म्हणाली.

टेकडीखाली ती वेस होती. वेशीमागे अख्खं एक गाव कोंडलेलं. त्यांना सोडवायला ही मंडळी सगळा हिवाळा झटत होती. वेस आतल्या एका चौकीतली साखळी ओढली तरच उघडणार. आणि चौकीत पहारा होता.

"दगडाचा कुत्रा," ड्वेन हळू आवाजात म्हणाला. "वासराएवढा. डोळे नाहीत. नुसतं नाक. तुम्ही दार ढकलता, आणि तो नाक वर करतो."

"मी पुढे होतो," लाइल म्हणाला.

"तो तुझ्यापाशी थांबत नाही. तुला ओलांडून जातो."

"मी अडवते!" कोरिन ओरडली.

"तुलाही ओलांडून जातो. तो सरळ मिन्नाकडे निघालाय."

"का? तिच्यात काय आहे? चार प्राण आहेत!"

कोरिनने मिन्नाच्या कागदावर लिहिलेली ती जादूची सगळी यादी वाचली आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. तो जादू हुंगतो. आपणच तिला मसाला लावून त्याच्या पुढ्यात ठेवली!"

मग एकच गोंधळ उडाला. लाइलने होती नव्हती ती जादू मध्ये टाकली, कोरिनने मिन्नाला मानगुटीला धरून मागे ओढलं, आर्डिसने दार ओढून घ्यायला फासा टाकला आणि तो जेमतेम पुरला. दार बंद. दगडाचे दात लाकडावर. तळघरात सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. मी विणलेली ओळ उसवून पुन्हा विणत होते, कारण कुठे चुकले ते मलाही कळेना.

"जेवून घेऊ," ड्वेन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

वर स्वयंपाकघरात मी हॅम सँडविच आणि रुबार्बच्या आंबटगोड वड्या काढल्या. आर्डिस लोणच्याची बरणी उघडायला आली आणि तिला ती उघडेना. आमच्या गावात आर्डिसला बरणी उघडेना असं कुणी पाहिलं नसेल.

"हात बघ माझे," ती म्हणाली. थरथरत होते.

"घाबरलीस?"

"व्हर्लिनने मला पहिल्यांदा नाचायला बोलावलं ना, तेव्हा असे थरथरले होते." तिने हात एकमेकांत धरले, पण ते ऐकेनात. "खरं सांगू? ओडाच्या हातात कुऱ्हाड असताना कित्येक वर्षांत मला घाम फुटला नव्हता. समोर राक्षस उभा असायचा आणि मी मनात सोमवारचा किराणा ठरवत असायचे. मला वाटायचं, मीच आता आतून संपलेय. पण आत्ता? ते दार लागलं तेव्हा माझं काळीज इथे होतं." तिने गळ्याला हात लावला.

मला विचारायचंच होतं. "मग अ‍ॅरिझोना?"

"आत्ता नको गं, आत्ता माझ्या पोरीमागे कुत्रा लागलाय!"

आणि सँडविच तोंडात धरून ती खाली पळाली.

खाली गेल्यावर तिने पहिलं वाक्य टाकलं ते असं: "काढते."

"काय काढतेस?" लाइल.

"सगळं. अंगठी, झगा, बूट. शेळ्यांच्या वासाचा सदरा आणि काठी, बास. त्याला जादूचा वास येतो ना? मग मिन्नाला तो हुंगणारच नाही."

"चार प्राण घेऊन जाणार? आणि आम्ही?"

"तुम्ही लांब. तुमच्या तर अंगाला नखशिखान्त वास येतोय."

कोरिन पेन्सिल चावत होती. "थांबा. तो आत नसायला हवा. हे सगळं चौकीबाहेरच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ढीग करून ठेवू. माझं, लाइलचं, सगळंच. तो ढिगाकडे जाईल, मिन्ना आत शिरेल."

"तो चावून भुगा करेल त्याचा," ड्वेन म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

सगळे लाइलकडे बघायला लागले. त्याच्या जादूगाराची ती मंतरलेली काठी! ती मिळाल्यावर आठवडाभर हा मला बर्फाच्या ट्रकमधून फोन करून तिचंच सांगत होता. त्याने कागदाकडे पाहिलं, मग आर्डिसकडे. मग काठीवर स्वतःच्या हाताने काट मारली. "ठेवली ढिगावर. सगळ्यात वर."

आर्डिसने त्याचा हात एकदा दाबला. बस्स.

मी विणकाम बाजूला ठेवलं. टेबलापाशीच जाऊन उभी राहिले.

दार उघडलं. कुत्रा नाक हलवत मिन्नाच्या शेजारून गेला, इतक्या जवळून की ड्वेन म्हणाला, दगडाची धूळ तुझ्या बाहीला लागली. आर्डिसने फासा टाकला. सतरा! कुत्रा थांबला नाही. गल्लीच्या टोकाला ढीग चघळल्याचा कडाकड आवाज यायला लागला. लाइलने डोळे मिटले.

"साखळी," आर्डिस म्हणाली. "ओढते."

"जड आहे. तू लहान आहेस. पंधरा किंवा वर लागतील."

फासा गेला. सहा.

"साखळी हलली. पण नुसती खणखणली," ड्वेन म्हणाला. "आणि चघळण्याचा आवाज थांबला."

"पळ!" लाइल उभा राहिला.

"आर्डिस, पळ! दुसऱ्या दारातून जाता येतंय!" कोरिन तिच्या बाहीला झोंबली. "आपण पुन्हा येऊ!"

"तो वळला," ड्वेन म्हणाला. "येतोय. आता पळालीस तर सुटशील. काय करतेस?"

आर्डिस फाशाकडे बघत होती. गाल लाल झालेले, सुटलेले पांढरे केस कपाळाला चिकटलेले. सत्तरी ओलांडलेली ती बाई त्या घटकेला शाळेतल्या पोरीसारखी दिसत होती.

"माझ्या हातात साखळी आहे," ती म्हणाली. "ओढते."

फासा टेबलाच्या कडेपर्यंत गेला, कॉफीच्या कपाला आपटला, फिरत राहिला, फिरत राहिला आणि बसला.

एकोणीस.

काय ओरडले सगळे! कप सांडला, खुर्ची पडली, मी कुणाच्या गळ्यात पडले ते मला आठवत नाही. डेलने नंतर विचारलं, तुमचा टीव्ही बंद होता, मग तुम्हाला गोल कसा कळला?

ड्वेन मात्र ओरडला नव्हता. तो हातात फासे धरून आडोशामागे बसला होता. कुत्रा अजून यायचा होता.

"ड्वेन," आर्डिस म्हणाली, "आडोशाच्या बाहेर टाक."

"आर्डिस..."

"बाहेर. सगळ्यांना दिसेल असं."

त्याने टाकले. दात लागले. मग मार मोजायचा फासा टाकला. पाच.

चार प्राण होते.

सांडलेली कॉफी टेबलावरून खाली टपटपत होती आणि पुसायचं भान मलाही नव्हतं. मला फक्त वसंतातली ती पाटी दिसत होती, तिच्या मेपलच्या झाडाखाली रोवलेली.

"मेली," आर्डिसनेच म्हटलं. "वेस?"

ड्वेनने पुठ्ठा बाजूला सारला. "उघडी आहे. लोक बाहेर पळतायत."

"किती?"

"सगळे, आर्डिस. पोरंबाळं, म्हातारी, शेळ्यासुद्धा. सगळे."

आर्डिसने दोन्ही हात वर फेकले आणि अशी आरोळी ठोकली की हीटरचा पत्रा झणझणला. मग ती टेबलावर पालथी पडून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने लाइलच्या बाहीला पुसलं.

"पण तू तर म्हणाली होतीस," लाइल चाचरत म्हणाला, "की ती जगली नाही तर..."

आर्डिसने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. तो मला अजून टोचतो. "म्हणाले होते. माणूस बूट घालताना काहीही बोलतो. मला वाटलं होतं, मी रडेन. इथे मला भूक लागलीय! ड्वेन, कोरा कागद दे."

"आत्ता?"

"मग कधी? ह्या वेळी चोर नको. मला एखादी होडीवाली हवी. गाणारी. किती प्राण मिळतील?"

"पहिली पायरी आहे. फार नाही."

"मग छानच की," म्हणत तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं, आणि मधेच थांबली. "जरा फोन करून येते."

ती वर गेली. मी पुसायचं फडकं घ्यायला तिच्या मागे गेले, आणि खरं म्हणजे ऐकायला.

"रेनाटा? हो, मी. नाही, पडले नाही. ऐक, मी येत नाहीये तिकडे. नाही, वसंतातही नाही. कारण? कारण मी आत्ताच मेले. कोण म्हणजे काय, मी! कुत्र्याने मारलं. अगं रडतेस काय, गाव सुटलं ना सगळं! उन्हाळ्यात तू ये, मग नीट सांगते. बरं, ठेवते, खाली माझी वाट बघतायत."

तिने फोन ठेवला आणि दुखऱ्या गुडघ्यासकट जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायला लागली. मी मागून ओरडले, "आर्डिस, कठडा धर!"